ओट्याकडच्या भिंतीवरचे स्पीकर

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
६ मे २०२४

शरच्चंद्र भावजी,

नमस्कार. जानेवारीत यांच्या तेराव्याला तुम्ही पुण्याहून आलात, दोन दिवस राहिलात, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला कुणाशी धड बोलता आलं नाही. आता बोलते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवता आणि 'वहिनी, मी सांगतो ना' म्हणत आपलंच सांगत बसता. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

काम असं आहे की मला स्पीकर घ्यायचे आहेत. छोटे, जोडीचे, भिंतीवर टांगता येतील असे. भिंतीला अगदी लागून बसले पाहिजेत, कारण पुढे जागा नाही. आवाज मात्र खरा हवा. मोबाइलला जोडायचं डबडं नको.

इथल्या पडाव बाजारात दोन दुकानांत जाऊन आले. एकाने 'माताजी' म्हणून भजनाचं यंत्र पुढे केलं. त्यात हजार भजनं आधीच भरलेली असतात, आपण फक्त ऐकायचं. दुसऱ्याने विचारलं, "साहब नहीं आए?" मी म्हटलं, साहब जानेवारीत गेले. तर म्हणतो, "तो फिर बेटे को भेज दीजिए." आता पुष्कर हैदराबादला, आणि तो आला तरी मला स्पीकर घेऊन देईल असं वाटत नाही. त्याने जाताना हॉलमधल्या यांच्या मोठ्या स्पीकरांना चंदनाचे हार घातलेत. फोटोला एक हार आणि स्पीकरांना दोन!

तुम्ही यांचे जुने मित्र, इथल्या आकाशवाणीत तीस वर्षं इंजिनिअर होतात. यांचे मोठे स्पीकरही तुम्हीच निवडले होते. तेव्हा कोणते घ्यावेत, काय बघून घ्यावेत, ते लिहा. पुष्करला कळवू नका.

इथे ऊन मी म्हणतंय. दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं.

सीमंतिनी


पुणे
१५ मे २०२४

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत तुमचं मला आलेलं हे पहिलं पत्र, आणि तेही स्पीकरांबद्दल!

वहिनी, मी सांगतो ना, घाई करू नका. रमाकांतचे स्पीकर म्हणजे साधी वस्तू नव्हे. १९८८ साली आम्ही दोघांनी ते दिल्लीहून रेल्वेने आणले, धौलपूरपर्यंत मी त्यांच्यावर हात ठेवून बसलो होतो. ते आजही उत्तम आहेत. ते हॉलमधून काढून तिथे भिंतीवर दोन खोकी टांगायची ही कल्पना मला सहन होत नाही. हॉलमध्ये जागा हवी असेल तर सोफा हलवा.

शिवाय भिंतीला लागून स्पीकर लावणं शास्त्राला सोडून आहे. बऱ्याच छोट्या स्पीकरांच्या पाठीला एक भोक असतं, खर्जाच्या आवाजाची हवा त्यातून बाहेर पडते. पाठीला भिंत आली की खर्ज फुगतो आणि बाकीचं सगळं त्याखाली दबतं.

आणखी एक. रागावू नका. अजून वर्ष व्हायचंय. चौथ्या महिन्यात घरातून गाण्याचा आवाज आला तर नावं ठेवायला लोकांना काय लागतं? मनाला विरंगुळा हवा असेल तर ते भजनाचं यंत्र खरंच वाईट नसतं. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच बायकांकडे आहे.

तब्येतीला जपा.

आपला
शरच्चंद्र


ग्वाल्हेर
२४ मे २०२४

भावजी,

पत्रातसुद्धा तुम्ही मला मध्येच थांबवलंत. कमाल आहे तुमची.

हॉल कोण म्हणालं? माझं पत्र पुन्हा काढून बघा, त्यात हॉलमध्ये लावायचे असं कुठेही लिहिलेलं नाही. हॉल तुमचा होता. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा तुम्ही दोघं, दार लावून, डोळे मिटून. तुम्ही निवृत्त होऊन पुण्याला गेल्यावर हे एकटेच. मला स्पीकर स्वयंपाकघरात हवेत. ओटा ज्या भिंतीला आहे त्या भिंतीवर.

त्या भिंतीच्या पलीकडे हॉल आहे. साडेचार इंची भिंत, घर बांधताना यांनी वीट वाचवली. तेव्हा छत्तीस वर्षं तुमचं गाणं मीही ऐकलंय, फक्त भिंतीच्या अलीकडून. तुम्ही रेकॉर्डी बदलायचात आणि मी पोहे परतायची. भिंतीतून काय येतं ते इंजिनिअर असून तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. तबल्याचा डग्गा येतो. तंबोऱ्याची घोंघों येते. गाणारा पुरुष असेल तर त्याचा खालचा आवाज येतो, वर चढला की नाहीसा. गाण्याचे शब्द समजत नाहीत. बाई गात असल्या तर जवळजवळ काहीच येत नाही, नुसता डग्गा वाजत राहतो आणि मध्येच तुम्ही दोघं 'वाह' म्हणता. कशाला म्हणता ते मला कधी कळलं नाही.

दार लावलेलं असायचं म्हणून मी भांडी जपून ठेवायची. कुकरची शिट्टी झाली की हे दार उघडून नुसते बघायचे. बोलायचे नाहीत, पण बघायचे. त्यामुळे रविवारी आमच्याकडे वरण बाराच्या पुढे शिजायचं.

आता वर्षाचं म्हणाल, तर ऐका. यांच्यासाठी मी रडलेय आणि अजून रडते, ते दाखवायला कुणी बोलवायची गरज नाही. पण मी अडुसष्ट वर्षांची आहे. आणखी आठ महिने थांबा म्हणणाऱ्याने ते आठ महिने मला मागाहून परत आणून द्यावेत. आणि भजनाचं यंत्र तुमच्या सोसायटीतल्या बायकांना लखलाभ.

स्पीकर कोणते ते सांगणार असाल तर सांगा. नसाल तर तसं लिहा, मी दुसरा इंजिनिअर बघेन.

सीमंतिनी


पुणे
४ जून २०२४

प्रिय वहिनी,

चूक झाली. स्वयंपाकघर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण खरं सांगू? स्वयंपाकघर ही स्पीकरची जागा नव्हे. फोडणीचं तेल उडतं, वाफ असते. स्पीकरचा पुढचा पडदा बहुधा कागदाचा असतो, तो ओलावा धरतो. टाइल्सवरून आवाज आपटून परत येतो. मी माझ्या उभ्या आयुष्यात कुणाला स्वयंपाकघरात स्पीकर लावायचा सल्ला दिलेला नाही.

तरीही तुम्ही ऐकणार नाही असं दिसतं. म्हणून विचारतो. गॅस ओट्याच्या कुठल्या टोकाला आहे? टाइल्स किती उंचीपर्यंत आहेत? ओट्यापासून समोरची भिंत किती फूट? आणि मुख्य म्हणजे तुम्ही उभ्याने ऐकणार की बसून? स्पीकरचा जो वरचा छोटा गोल असतो, बारीक आवाज काढणारा, तो ऐकणाऱ्याच्या कानासमोर आला पाहिजे. जमिनीपासून कानापर्यंतचं माप घ्या. अंदाजपंचे सांगू नका, टेपने मोजा.

पाच इंची गोल असलेले स्पीकर तुमच्या खोलीला पुरेत. त्याहून मोठे घेऊ नका.

आपला
शरच्चंद्र


ग्वाल्हेर
२० जून २०२४

भावजी,

तेल आणि वाफ मी त्या खोलीत छत्तीस वर्षं सोसली, मला काही झालं नाही. स्पीकर माझ्याहून नाजूक असतील तर त्यांनी माझ्याकडून शिकावं.

ही घ्या मापं. गॅस डाव्या टोकाला, खिडकीशी. स्पीकर उजवीकडे येतील, मी भाजी चिरते त्या बाजूला. टाइल्स ओट्याच्या वर सव्वा फूट, पुढे साधी भिंत. समोरची भिंत सात फुटांवर. गरिमाने टेप धरला होता. ही आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, मराठ्यांची मुलगी, कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळते, आणि हिच्याकडे स्वतःचं ड्रिल मशीन आहे. कान मोजायचा म्हटल्यावर हसत सुटली. म्हणाली, "काकी, खडे होकर का बैठकर?"

तुम्हीही तेच विचारलंत. दोघांना एकच उत्तर. उभ्याने पुष्कळ ऐकलं, आता बसून ऐकणार. समोरच्या भिंतीशी वेताची खुर्ची ठेवलीय. त्या खुर्चीत बसलं की जमिनीपासून माझा कान तीन फूट पाच इंचांवर येतो. अडुसष्ट वर्षांत कुणी माझा कान मोजला नव्हता.

आता एक कबुली. तुमच्या उत्तराची वाट न बघता मी पडावच्या दुसऱ्या दुकानातून एक जोडी, पसंत नसेल तर महिन्यात परत करायच्या बोलीवर, घरी आणली. त्यांच्या पाठीला भोक होतं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. तरी ओट्यावर, भिंतीला पाठ टेकवून ठेवली आणि गरिमाने आपला छोटा ॲम्प्लिफायर जोडून एक गाणं लावलं. डग्गा असा घुमला की डब्यांची झाकणं थरथरली. गरिमाने कान धरले, "काकी, बहुत बूम करतंय हे." पण मला सांगू, भावजी, मला ते आवडलं. फार ओळखीचं वाटलं. डोळे भरून आले. हेच तर ऐकत आले मी. घेऊन टाकू का हीच जोडी?

नेमक्या त्या वेळी नणंदबाई मंदाताई आल्या, यांच्या थोरल्या बहीण. कोपऱ्यावरच राहतात, त्यामुळे त्यांना आवाज लगेच पोचला. दारातूनच म्हणाल्या, "सीमा, भाऊ जाऊन सहा महिने नाही झाले, आणि घरात गाणं? लोक काय म्हणतील? कुछ तो शरम कर." मी म्हटलं, "ताई, लोक मला पोळ्या लाटून देणार असतील तर विचारते त्यांना." चहा न घेता गेल्या. हे पहिल्यांदाच घडलं.

सीमंतिनी


पुणे
२ जुलै २०२४

प्रिय वहिनी,

ती जोडी आजच्या आज परत करा.

तुम्हाला जे ओळखीचं वाटलं ते गाणं नव्हतं, ती भिंत होती. भिंत बारीक आवाज अडवते आणि जाड आवाज जाऊ देते. भिंतीला पाठ लावलेला भोकाचा स्पीकर दुसऱ्या वाटेने तिथेच पोचतो, जाड आवाज इतका फुगवतो की बाकीचं बुडतं. म्हणजे पैसे मोजून तुम्ही पुन्हा भिंतीच्या अलीकडेच बसाल. इतकी वर्षं जे ऐकलंत तेच आणखी ऐकायचं असेल तर खुशाल घ्या. पण मी तसा सल्ला देणार नाही.

पाठ पूर्ण बंद असलेले घ्या. तसे स्पीकर कमी मिळतात, पण मिळतात. खर्ज थोडा कमी वाटेल. तेवढी भर भिंत स्वतःच घालते, म्हणून अशा जागेला तेच योग्य. दुकानात प्रत्येक स्पीकर उलटा करून पाठ बघा. लाजू नका. टांगताना चार फुटांवर टांगा आणि किंचित खाली, खुर्चीकडे कलते ठेवा. दोघांत चार फूट अंतर असू द्या, आणि कोपऱ्यात तर मुळीच लावू नका.

आता महत्त्वाचं. नवा ॲम्प्लिफायर घ्यायची गरज नाही. रमाकांतच्या ॲम्प्लिफायरला पुढे ए आणि बी अशी दोन बटणं आहेत. ए म्हणजे हॉलमधले स्पीकर. बी दुसऱ्या खोलीतल्या जोडीसाठी असतं. घेतला तेव्हापासून ते बटण कधी कुणी दाबलं नाही. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत तार आणलीत की झालं.

हे लिहिताना एक गोष्ट मनात आली. ती जोडी तेव्हाच लावता आली असती. पण रमाकांतच म्हणायचा की सीमाला गाण्याची आवड नाही, उगाच बोलावून तिला अवघडवू नकोस. मी त्याच्या शब्दावर गेलो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आजवर बोललो नाही.

आपला
शरच्चंद्र


ग्वाल्हेर
२२ जुलै २०२४

भावजी,

जोडी परत केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडावला गेले आणि कपाटातला एकेक स्पीकर उतरवून त्याची पाठ बघितली. दुकानदाराने अकराव्याला हात जोडले, "माताजी, आप बताइए तो, ढूँढ क्या रही हैं?" मी म्हटलं, पाठ बंद हवी, गोल पाच इंची, मागे भिंतीवर टांगायची सोय. त्याने ते कागदावर लिहून घेतलं. मग खुर्ची दिली, दिल्लीला फोन लावला, आणि आठवड्याने जोडी आली. आता 'साहब' कुठे आहेत असं विचारत नाही.

तुमचं पत्र येऊन दहा दिवस झाले. या दहा दिवसांत पुष्करचा तीनदा फोन आला. मंदाताईंनी त्याला सगळं कळवलं होतं. "आई, बाबांचा सेट हलवायचा नाही. एक वस्तूसुद्धा हलवायची नाही. सब वैसा का वैसा राहू दे." मी म्हटलं, बरं.

आणि मी काहीही हलवलेलं नाही. ॲम्प्लिफायर जागेवर आहे, त्याच्यावरचं भरतकामाचं कापड जागेवर आहे, स्पीकरांवरचे हार जागेवर आहेत. मी फक्त भिंतीला भोक पाडून घेतलं. गरिमाने लांब पातं लावलं आणि ओट्याकडून सुरुवात केली. "काकी, हाफ ब्रिक की तो दीवार है, दोन मिनट." चार मिनिटं लागली. विटेचा लाल भुगा माझ्या पोळपाटावर सांडला. पातं पलीकडे निघालं तेव्हा मी हॉलमध्ये जाऊन बघितलं. यांच्या फोटोच्या खाली, बरोबर एक वीत अंतरावर, बोट जाईल एवढं भोक. मी वाकून डोळा लावला. ओटा दिसला, डबे दिसले, आणि गरिमा पलीकडून हात हलवत होती. हे इतकं सोपं होतं, भावजी. चार मिनिटांचं काम.

पुष्करला रात्री मीच फोन केला. सांगितलं की वस्तू हलवली नाही, भोक पाडलं. त्याने 'भोक?' म्हणून दोनदा विचारलं. मग म्हणाला, "तुला हवं काय नेमकं, आई?" मी म्हटलं, गाणं. म्हणाला, "तू कभी बोली नहीं." म्हटलं, कुणी विचारलं नाही.

स्पीकर टांगले आहेत. भोकांत स्क्रू बसायला गिट्ट्या ठोकून, चार फुटांवर, खाली कलते. तार जोडली आहे. फक्त बी बटण दाबायचं राहिलं आहे.

तुम्ही एका गोष्टीचं उत्तर देत नाही, तोवर ते मी दाबणार नाही. तुम्ही लिहिलंत की मला गाण्याची आवड नाही असं हे म्हणायचे. तुम्हाला नक्की आठवतं? ज्या माणसाला आता उलट विचारता येत नाही त्याच्या नावावर घातलेलं वाक्य आहे हे. नीट आठवून लिहा.

सीमंतिनी


पुणे
१९ ऑगस्ट २०२४

वहिनी,

चार आठवडे उत्तर दिलं नाही. दोनदा लिहून फाडलं.

रमाकांत तसं कधी म्हणाला नव्हता. मी खोटं लिहिलं. तो नाही, आणि आता त्याच्याकडून उलट उत्तर येणार नाही, म्हणून लिहिलं. तुम्ही नेमकं तेच ओळखलंत.

खरं असं आहे. १९९१ च्या हिवाळ्यात एका रविवारी मी बागेश्री रागाची नवी रेकॉर्ड आणली होती. गाणाऱ्या बाई होत्या. पहिली बाजू संपली तसा रमाकांत उठला आणि म्हणाला, "सीमाला हाक मारतो, तिलाही ऐकू दे." मी त्याला बसवलं. मी म्हणालो, "राहू दे रे. वहिनी इथे येऊन बसल्या तर चहा कोण करणार? आणि बायकांना त्यातलं काय कळतं, मध्येच भाजीचं विचारतील." तो हसला आणि बसला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. मीही काढला नाही. दुसरा चहा आला, त्याच्याबरोबर तिळाची गजक आली, मी ती खाल्ली.

त्या दिवशी मी गप्प राहिलो असतो तर तुम्ही तेहतीस वर्षं आधी हॉलमध्ये बसला असता. मला हे माहीत होतं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच बहुधा तुम्हाला भजनाचं यंत्र घ्या म्हणालो. लाज वाटते. माफी मागायची हिंमत फोनवर झाली नसती.

बटण दाबा, वहिनी. माझ्यासाठी अडून राहू नका.

शरच्चंद्र


ग्वाल्हेर
२ सप्टेंबर २०२४

भावजी,

बटण दाबलं. काल, रविवारी, सकाळी नऊ वाजता.

आधी कूलर बंद केला. मग हॉलमध्ये जाऊन तीच बागेश्रीची रेकॉर्ड काढली. मला ती शोधावी लागली नाही, कपाटातल्या कुठल्या खणात आहे ते ठाऊक होतं, इतकी वर्षं तिच्यावरची धूळ मीच पुसलीय. सुई ठेवली, ए बंद केलं, बी दाबलं आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले. गॅसवर काहीही नव्हतं.

तंबोऱ्याला चार तारा असतात हे मला पाठ होतं, पण त्या चार वेगवेगळ्या ऐकू येतात हे माहीत नव्हतं. मी घोंघों म्हणत होते ते त्यांचं मिळून होतं. मग त्या बाईंनी श्वास घेतला. भावजी, गाण्याआधीचा श्वास ऐकू आला! आणि शब्द आले. सगळे आले. वरच्या सुरावर त्या थांबल्या तेव्हा माझ्या तोंडून 'वाह' गेलं, तुम्ही दोघं जिथे म्हणायचात बहुधा तिथेच. खर्ज थोडा कमी आहे. मला तो आणखी नको, माझा कोटा भरलाय.

दुसरी बाजू लावायला उठले तर दारात मंदाताई. भांडायलाच आल्या होत्या. मी म्हटलं, ताई, भांडायचं तर बाजू संपल्यावर, तोवर बसा. त्या पाटावर बसल्या. बाजू संपली तेव्हा डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊ हे ऐकायचा होय?" त्या सख्ख्या बहीण, पण त्यांनाही कधी कुणी हॉलमध्ये बोलावलं नव्हतं. लोकांचं काय ते त्यांनी नंतर काढलं नाही. पुढच्या रविवारी मात्र पाट नको, खुर्ची ठेव म्हणाल्या.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही खरं लिहिलंत, बरं केलंत. पण त्यात मला नवं काही नव्हतं.

मे महिन्यात मी तुम्हाला लिहिलं होतं की भिंतीतून पुरुषांचा आवाज येतो. बोलण्याचाही येतो. रेकॉर्ड थांबलेली असली की शब्दन् शब्द येतो. त्या रविवारी यांनी 'सीमाला हाक मारतो' म्हटलं, ते मी ऐकलं. मी गॅस बारीक केला. हात धुतले, पदराला पुसले, केस सारखे केले आणि दाराकडे निघाले. मग तुम्ही बोललात. ते संपेपर्यंत मी मधल्या दाराशी उभी होते. नंतर परत आले, गॅस मोठा केला आणि तुमचा दुसरा चहा केला. गजकही मीच तोडून बशीत ठेवली होती.

यांनी पुन्हा विचारलं नाही, त्याचं भांडण माझं आणि त्यांचं आहे. ते मी रोज सकाळी फोटोसमोर भांडते. तुमचं भांडण वेगळं. ग्वाल्हेरात स्पीकरवाले पुष्कळ आहेत आणि गरिमाच्या फोनवर सगळी माहिती मिळते. तरी पत्र मी तुम्हालाच लिहिलं. तुमच्या तोंडून मला त्या खोलीच्या बाहेर ठेवलं गेलं होतं, तेव्हा आत बसायची सोयही तुम्हीच लावून द्यायला हवी होती. ती तुम्ही लावून दिलीत, आणि नीट दिलीत, माप घेऊन. एकदा चुकलात, खोटं लिहिलंत, पण तेही परत घेतलंत. माझं काम झालं.

वर्षश्राद्धाला जानेवारीत सगळेच येतील. तुम्ही त्याआधी या, एखाद्या शनिवारी गाडी धरून. रविवारी नऊला दोन्ही खुर्च्या भरलेल्या असतील, एकीत मी, एकीत मंदाताई. तुम्ही ओट्याशी उभे राहा. तिथूनही चांगलं ऐकू येतं, फक्त तंबोऱ्याच्या तारा जरा डावीकडे वाटतात. साखर दुसऱ्या डब्यात आहे, चहाची पूड तिसऱ्यात. आलं किसून घालायचं, ठेचून नाही. मी साखर एक चमचा घेते, मंदाताई दोन.

आणि रेकॉर्ड चालू असताना भांड्यांचा आवाज करू नका.

सीमंतिनी